मार्का आणि टीकाकार

रांजणगाव घ्या की कुरकुंभ घ्या, पाळी सुटून घोडनदीकडे वा दौंडकडे परतणाऱ्या कामगाराच्या सदऱ्यावर कंपनीचा मार्का शिवलेला असतो. तोच मार्का त्याने मागण्यांच्या फलकावर रंगवला, की मालकाची नोटीस येते: चिन्ह आमचे, ते पुसा. अशी एक नोटीस माझ्याही हाती आलेली आहे. अंगावर चालते ते फलकावर का चालू नये?

मार्क्यांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४० साली झाला, १९५८ साली दुसरा आला, आणि सध्याचा १९९९ चा आहे. खोटा माल खऱ्याच्या नावाने विकून गिऱ्हाइकाला फसवू नये, हा त्याचा मूळ हेतू. परंतु १९९९ च्या कायद्याने नामांकित चिन्हाच्या लौकिकास 'योग्य कारणाशिवाय' बाध आणणे हाही हक्कभंग मानला. टीका हे योग्य कारण की नाही, सगळी मेख येथे आहे.

ओडिशात धामरा येथे टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून बंदर बांधावयास घेतले. जवळच गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ग्रीनपीस संस्थेने २०१० साली संगणकावरचा एक खेळ काढला. त्यात कासव टाटांच्या चिन्हाच्या राक्षसांपासून जीव वाचवीत पळते. मुंबईच्या टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात मनाईहुकूम आणि दहा कोटी रुपये मागितले. (जमशेदपुरास १९१२ साली आठ तासांचा दिवस देणाऱ्या घराण्याचे ऋण कामगार चळवळ नाकारीत नाही, पण ऋण वेगळे आणि मनाईहुकूम वेगळा.) न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी २८ जानेवारी २०११ रोजी अंतरिम मनाई नाकारली. खेळ काढणारा माल विकीत नव्हता, तो एका कृतीकडे लोकांचे लक्ष वेधीत होता; आणि बदनामी झालीच असेल तर भरपाई खटल्याअंती देता येते, त्यासाठी आधीच तोंड बांधण्याचे कारण नाही, असा त्यांचा विचार होता. १८९१ च्या एका इंग्लिश निवाड्यापासून हे तत्त्व चालत आले आहे.

दक्षिण आफ्रिकेतही २००५ साली घटना न्यायालयाने सदऱ्यांवर बिअरच्या मार्क्याची थट्टा छापून काळ्यांच्या श्रमाची आठवण देणाऱ्याच्या बाजूने कौल दिला.

मुक्त स्रोताच्या संगणक-आज्ञावलींत तर गंमत अशी, की आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. नाव मात्र मुक्त नाही. लिनक्स हे नाव १९९४ साली अमेरिकेत एका तिऱ्हाइताने नोंदणीस घातले, आणि भांडण होऊन १९९७ मध्ये ते कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. २००६ साली डेबियनच्या मंडळींना बदललेल्या फायरफॉक्सचे नाव मोझिलाच्या हरकतीमुळे सोडावे लागले. तेथे तंटा मालाच्या नावाचा होता. परंतु अशा समूहातून फुटलेला टीकाकार नाव घेतो ते माल खपवण्यासाठी नव्हे, ज्याच्यावर टीका करावयाची त्याला ओळखू यावे म्हणून. आज्ञावलीचा परवाना त्याला तेथे वाचवीत नाही. आपल्याकडे त्याने दिल्लीचा युक्तिवाद जरूर पुढे करावा. मात्र तो अंतरिम अर्जावरचा आहे, हे वकिलास आधी सांगून ठेवावे.