ऑडिट फर्मचे दार आणि आपले आडनाव : बडोदा १९१७ ते पुणे

मागच्या पावसाळ्यात केज तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. आई-वडील दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पोराने बी.कॉम. करता करता सीएची इंटरमीडिएट काढलेली, दोन्ही ग्रुप. आमच्या बीडच्या अभ्यासिकेत बहुतेक मुले एमपीएससी, तलाठी आणि पोलीस भरतीची. त्यामुळे याचे काय करायचे हे आम्हालाच सुचेना. अडचण परीक्षेची नव्हती. अडचण होती आर्टिकलशिपची. एखाद्या सीएने 'हा माझ्याकडे शिकेल' असे म्हटल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. दीड महिना आम्ही पुण्यात फोन केले. एका फर्ममध्ये मुलाखत झाली. दोन प्रश्न जीएसटीचे. बाकीचे मूळ गाव कुठले, वडील काय करतात, घरात कोणी सीए आहे का, आणि आडनाव ऐकून 'म्हणजे तुम्ही नक्की कोण?' बाहेर येऊन तो म्हणाला, "सर, नापास झालो असतो तर समजलं असतं."

त्या वाक्याने आम्हाला इतिहासाकडे नेले. आपल्याला बाबासाहेब वकील, अर्थशास्त्रज्ञ, घटनाकार म्हणून माहीत आहेत. पण परदेशातून परतल्यावर त्यांची पहिली नोकरी हिशेबाच्या कचेरीत होती, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही. १९१७ साली ते बडोद्याला गेले ते हौसेने नव्हे. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बडोद्यात त्यांना अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून नेमले गेले. कोलंबियात शिकलेला, लंडनला जाऊन आलेला माणूस हिशेब तपासणीचे काम शिकायला बसला, आणि कचेरीतले शिपाई कागद हातात न देता लांबून फेकत. राहायला जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राने सोय करण्याचे टाळले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कित्येक तास बागेत बसून राहिले. हे सगळे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कागद फेकण्याची गोष्ट चरित्रात येते.

आपण हा प्रसंग 'घर मिळाले नाही' म्हणून सांगतो. तो बरोबरच आहे, पण अर्धा आहे. दुसरा अर्धा भाग कामाच्या जागेचा आहे. नेमणूक महाराजांनी दिली होती, पदवी होती, कामाची कुवत होती. ज्यांच्या शेजारी बसून काम शिकायचे त्यांनी शेजार नाकारला. हिशेब तपासणीचा धंदा पुस्तकातून येत नाही. तो वरिष्ठाच्या टेबलाशी बसून, त्याच्या फायली हाताळून येतो. टेबलच मिळाले नाही तर पदवी कोरडी राहते.

मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक येऊ लागले, आणि सल्ला देणारा कोण हे कळल्यावर थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पुढे जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. तारखा नीट बघा. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेणारे बाबासाहेब त्याच काळात मुंबईत हिशेबनीस होऊ पाहणाऱ्यांना कायदा शिकवत होते.

त्यांच्या त्या विद्यार्थ्यांपुढे धंद्यात शिरण्याची जी वाट होती, ती तेव्हा नुकतीच बांधली गेली होती. १९१३ च्या कंपनी कायद्याने ऑडिटरला सरकारी प्रमाणपत्र लागू केले. १९१८ मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीचा डिप्लोमा काढला आणि त्याला मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षांची उमेदवारी जोडली. ही पद्धत विलायतेची. तिकडे तर मुलाच्या घरच्यांनीच मालकाला प्रीमियम म्हणून रक्कम भरायची रीत होती. आपल्या ऊसतोडीत मुकादम उचल देतो आणि माणूस बांधतो. तिथे घराने पैसे मोजून मुलगा बांधून द्यायचा. ज्याच्या घरी पैसा आणि ओळख, त्याचाच मुलगा टेबलाशी पोहोचणार. १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू झाला, उमेदवारी मात्र टिकली. २०२३ मध्ये ती तीन वर्षांवरून दोनवर आली. स्टायपेंड मिळतो, त्यात पुण्यात खोलीचे भाडे निघणे मुश्कील. मध्येच फर्म बदलायची तर संस्थेने ठरवलेल्या कारणांतच बसावे लागते.

आता कोणी म्हणेल, आज जात कोण विचारतो? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये खाजगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले; फरक फक्त नावाचा. दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी माणसे भरणाऱ्या मॅनेजरांशी बोलून दाखवले की 'फॅमिली बॅकग्राउंड' हा शब्द तिथे किती काम करतो. आम्ही एम.ए.ला हे अभ्यासाचे म्हणून वाचले होते. केजच्या पोराच्या मुलाखतीत ते जिवंत भेटले.

दार उघडल्यावरही शिडी सरळ नसते. मोठ्या फर्ममध्ये असोसिएट, सीनिअर, मॅनेजर, डायरेक्टर, पार्टनर अशा पायऱ्या असतात. पहिल्या दोन-तीन कष्टाने चढता येतात. पुढे कोणत्या क्लायंटच्या टीमवर टाकले, मॅनेजरने वर्षअखेर काय शेरा दिला, कोणाबरोबर जेवायला बसता, इंग्रजी कोणत्या वळणाचे, यावर ठरू लागते. आणि पार्टनर म्हणजे नोकर नव्हे, भागीदार. त्याने काम आणायचे असते. काम कोण देते? कंपन्यांचे संचालक मंडळ. डी. अजित, हान डॉंकर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये भारतातल्या मोठ्या १,००० कंपन्यांच्या संचालकांची जात तपासली. सुमारे ९३ टक्के सवर्ण. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. ज्या मंडळात आपला माणूस नाही, त्या मंडळातून काम आणून दाखव, अशी ही बढतीची अट आहे. तिला गुणवत्ता म्हणतात.

तासांचा प्रश्न वेगळा, आणि तो तिथल्या सगळ्यांचा आहे. जुलै २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या पुण्यातल्या कार्यालयात काम करणारी २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट वारली. नोकरीला चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने पत्रात लिहिले. कंपनीने ते मान्य केले नाही. सप्टेंबरमध्ये कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असे समोर आले. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही त्या कायद्यातली मर्यादा तिथे कोण मोजणार होते? दुसऱ्यांची वही तपासणाऱ्याची वही अशी.

हा ४८ आकडा आपल्या ओळखीचा आहे. जयंतीच्या पोस्टरवर 'बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ केले' असे छापतात. नेमके सांगायचे तर कारखान्यांचा आठवडा १९३४ च्या कायद्याने ५४ तासांचा होता. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकाने तो १९४६ मध्ये ४८ वर आला. नेमके सांगितल्याने त्यांचे काम लहान होत नाही. उलट कळते की तो हक्क कारखान्याच्या भोंग्याला बांधलेला होता. ऑडिट फर्मला भोंगा नसतो. मार्च संपला की सप्टेंबरपर्यंत लॅपटॉप मिटत नाही, आणि 'प्रोफेशनल आहोत' या अभिमानापोटी कोणी युनियनचे नाव काढत नाही.

मग आपली पोरे तिकडे पाठवायचीच कशाला? हा प्रश्न आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारला. सरकारी नोकरीत निदान आरक्षण आहे, तिथे काय आहे? आम्ही त्यांना ज्ञानराधा मल्टिस्टेटची आठवण दिली. बीडमधून उभी राहिलेली ही पतसंस्था २०२३ मध्ये कोलमडली आणि लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यात मोठे लोक होते तसे आपल्या वस्तीतले निवृत्त शिपाई, अंगणवाडी सेविकाही होत्या. ताळेबंद वाचू शकणारा एकही माणूस आपल्या वस्तीत नव्हता. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते. हे म्हणणारा माणूस एकेकाळी अकाउंटंट जनरलच्या कचेरीतून अपमान घेऊन परतला होता. ज्येष्ठांचे समाधान झाले नाही. तासांबद्दलचा त्यांचा आक्षेप आम्हालाही खोडता आलेला नाही.

केजच्या मुलाला अखेर छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या फर्ममध्ये जागा मिळाली. ती मिळवून दिली नागसेनवनात शिकलेल्या एका सीएने, ज्यांना आम्ही त्याआधी ओळखतही नव्हतो. मोठ्या फर्मचे दार अजून बंदच आहे. आता आम्ही मराठवाड्यातल्या आपल्या सीएंची आणि आर्टिकलशिप चालू असलेल्या मुलामुलींची यादी करतो आहोत. अभ्यासिकेच्या वहीत आज अकरा नावे आहेत, त्यात दोन मुली. तुमच्या तालुक्यात कोणी असेल तर अभ्यासिकेत येऊन नाव लिहून जा. पुढच्या बॅचच्या तीन पोरांना टेबल हवे आहे.

जय भीम.