टावीनंतरचे हृदयवहन-दोष

महाधमनीची अरुंद झालेली झडप छाती न उघडता, बहुतेक वेळा जांघेतील धमनीतून कॅथेटर सरकवून बदलता येते. या उपचाराला टावी म्हणतात. झडप बसवताना ठोक्याचा विद्युत्‌संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंना इजा झाली, तर संदेशाच्या वाटेत अडथळे उद्भवतात. त्यांत दोन प्रमुख : या तंतूंच्या मुख्य जुडग्याच्या (हिज-जुडग्याच्या) डाव्या शाखेतील रोध, आणि कर्णिकांचा संदेश जवनिकांपर्यंत पोहोचूच न देणारा पूर्ण हार्ट ब्लॉक.

पहिली टावी आलाँ क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधील रूआँ येथे केली. पुढे कॅथेटर बारीक झाले, झडपांची घडण सुधारली. रक्तवाहिनीला इजा होणे, झडपेच्या कडेने रक्त गळणे हे धोके बरेच उतरले. वहनदोष मात्र त्या मानाने हटलेले नाहीत. याचे मूळ हृदयाच्या रचनेतच आहे.

कर्णिका-जवनिका गाठीचे वर्णन सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करून 1906 मध्ये प्रसिद्ध केले. या गाठीतून निघणारे जुडगे विल्हेल्म हिज यांनी 1893 मध्येच दाखवले होते. हे जुडगे दोन जवनिकांमधल्या पडद्याच्या पातळ, पापुद्र्यासारख्या भागाच्या खालच्या कडेने डावीकडे डोकावते. नेमकी तीच जागा महाधमनी-झडपेच्या दोन पाकळ्यांच्या सांध्याखाली येते. तिथून डावी शाखा स्नायूंच्या पडद्याच्या माथ्यावर, अस्तराला लागूनच पसरते. पापुद्र्याचा हा भाग काहींत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, तर काहींत दहाच्या आसपास लांब असतो. तो जितका आखूड, तितकी वहनाची वाट नव्या झडपेच्या जवळ.

शस्त्रक्रियेत खराब झडप कापून काढली जाते. टावीत ती आतच राहते. नव्या झडपेची धातूची जाळी तिला आणि तिच्यावर साचलेल्या कॅल्शियमला बाहेर रेटते. त्या दाबाने तंतू चेपतात, सुजतात, कधी तिथे बारीक रक्तस्रावही होतो. सूज ओसरली की काहींचे वहन आपोआप पूर्ववत होते. उलट निटिनॉल या मिश्रधातूची स्वयंप्रसारी जाळी बसवल्यानंतरही फुलत राहते, त्यामुळे ब्लॉक दोन-तीन दिवसांनी, क्वचित त्याहून उशिराही प्रकट होतो.

ब्लॉक टिकला तर ठोके देणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, बसवावे लागते. त्याची गरज किती पडते यात झडपेचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. कमी जोखमीच्या रुग्णांवरील दोन चाचण्या 2019 मध्ये प्रसिद्ध झाल्या. फुग्याने फुलवायच्या झडपेच्या पार्टनर-3 चाचणीत 30 दिवसांत नवा पेसमेकर लागलेले रुग्ण 6.5 टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात 4.0 टक्के. स्वयंप्रसारी एव्होल्यूट झडपेच्या चाचणीत हेच आकडे 17.4 आणि 6.1 टक्के होते. भारतात वापरली जाणारी, वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल ही झडप फुग्याने फुलणारी आहे.

रुग्णाच्या बाजूने सर्वांत मोठी धोक्याची खूण म्हणजे हिज-जुडग्याच्या उजव्या शाखेतील आधीचा रोध. एक शाखा मुळातच बंद असताना दुसरी चेपली, की संदेशाला वाटच उरत नाही. अशा रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पेसमेकरची शक्यता उपचाराआधीच स्पष्ट सांगायला हवी. नंतर सांगितलेली तीच गोष्ट त्यांना अपघातासारखी वाटते. डाव्या पाकळीखालचे कॅल्शियमही जाळीला पडद्याकडे ढकलते. म्हणून पापुद्र्यासारख्या भागाची लांबी आणि कॅल्शियम सीटी स्कॅनवर आधी मोजतात. झडप थोडी वर बसवता यावी यासाठी दोन पाकळ्या एकावर एक दिसतील असा क्ष-किरणाचा कोन निवडण्याची पद्धत आता रूढ आहे. फार वर बसवली तर झडप निसटू शकते, आणि पुढे कधी हृदयधमन्यांत कॅथेटर नेणे अवघड होते.

उपचारानंतर तात्पुरती पेसिंग वायर काही काळ ठेवून रोज ईसीजी काढतात. गंभीर ब्लॉक 24 ते 48 तास टिकला तर कायमचा पेसमेकर बसवावा, असे युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. डाव्या शाखेचा रोध नव्याने आला आणि ईसीजीवरील क्यूआरएसचा काळ 150 मिलिसेकंदांपेक्षा किंवा पीआरचा काळ 240 पेक्षा लांबला, तर घरी गेल्यावरही ठोक्यांची सलग नोंद घेणे किंवा विद्युत्‌तपासणी करणे उचित. हल्ली रुग्णाला लवकर घरी सोडतात. तालुक्याच्या ठिकाणाहूनही दूर राहणाऱ्या रुग्णाबाबत ही नोंद टाळणे फार जोखमीचे आहे. भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक मंदावलेली नाडी यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी ईसीजी काढावा.

पेसमेकरने जीव वाचतो, पण उजव्या जवनिकेच्या टोकापासून सतत ठोका दिल्यास दोन्ही जवनिकांचा मेळ बिघडून हृदयाची ताकद उतरू शकते. न मिटलेल्या डाव्या शाखेच्या रोधातही हाच धोका असतो. सरासरी वय घटत असलेल्या टावी-रुग्णांना ही झीज अनेक वर्षे सोसावी लागते. त्यामुळे वायर थेट डाव्या शाखेच्या भागात रोवण्याचे तंत्र पुढे येत आहे. पेसमेकर बसवलेल्या अनेकांचे स्वतःचे वहन काही महिन्यांत परतते. अशांचे यंत्र गरजेपुरतेच चालेल असे तपासणीत लावून घेतात.