स्की-बोटीला वेगनियंत्रक बसविताना

धावत्या नौकेमागे दोरी धरून, पायांतील पट्ट्यांवर तोल सांभाळत पाण्यावरून सरकण्याचा खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या जलाशयावर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने १९२२ साली केलेल्या प्रयोगापासून या खेळाचा प्रारंभ मानला जातो. पुढे त्यासाठी खास नौका तयार होऊ लागल्या. त्यांचे इंजिन नौकेच्या मध्यभागी असते, मागे उठणारी लाट कमीत कमी राहावी अशी तळाची घडण असते आणि वेगाची सूत्रे चालकाच्या हातातील थ्रॉटलच्या दांड्याकडे असतात. हा वेग स्थिर राखणारे यंत्र जुन्या नौकेला स्वतःच बसविण्याचा उद्योग अमेरिका व कॅनडातील अनेक नौकामालक करतात. काम अवघड नाही. मात्र त्यातील जोखीम नीट जाणून घेतल्याशिवाय त्याला हात घालू नये.

सेकंदाच्या शतांशाचा हिशेब

वेग स्थिर असण्याचे महत्त्व स्लालम या प्रकारात सर्वाधिक जाणवते. स्लालमचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. नौका मधल्या सरळ रेषेतून जाते आणि खेळाडूला त्या रेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, आलटूनपालटून दोन्ही बाजूंना ठेवलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालावा लागतो. पुरुषांच्या वरच्या गटात नौकेचा वेग ताशी ५८ किलोमीटर, तर महिलांच्या गटात ५५ किलोमीटर असतो. ५८च्या वेगाने हे अंतर १६.०८ सेकंदांत कापले जाते. वेग एका किलोमीटरने घटला, तर तोच काळ १६.३६ सेकंदांवर जातो. एवढ्या फरकाने खेळाडूला जास्तीचा अवधी मिळतो आणि स्पर्धेतील तुलना निरर्थक ठरते.

अडचण अशी, की खेळाडू एका बाजूकडून दुसरीकडे झेपावताना दोरीला जबरदस्त ओढ देतो. नौका मंदावू पाहते. बोयाजवळ ही ओढ सैल पडते आणि नौका पुढे उसळू पाहते. सोळा सेकंदांत हे चक्र सहा वेळा घडते. पूर्वी निष्णात चालक इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून दांडा किंचित पुढेमागे करीत आणि जोडीला स्टॉपवॉच असे. पाण्याच्या दाबावर चालणारा साधा वेगमापक शेवाळाने तुंबतो; त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नसे.

यंत्र काय करते?

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातील 'परफेक्टपास' या कंपनीने १९९०च्या दशकात या कामासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आणले. त्याचे मुख्य भाग तीन : चालकासमोरील पडदा व कळा, निर्णय करणारा नियंत्रक आणि थ्रॉटलच्या केबलला जोडलेली सर्व्हो मोटर. सुरुवातीची यंत्रे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या मोजून त्या कायम राखत. परंतु फेऱ्या तेवढ्याच असल्या, तरी समोरचा वारा, नौकेतील माणसांचे वजन आणि खेळाडूची ओढ यांमुळे प्रत्यक्ष वेग बदलतो. म्हणून चालकाला वेळ तपासून पुनःपुन्हा दुरुस्ती करावी लागे. नंतर उपग्रहांच्या आधारे वेग मोजणारी जीपीएस यंत्रे आली आणि ही दगदग बरीच कमी झाली. नव्या नौकांत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिकच असल्याने अशी यंत्रणा कारखान्यातूनच बसून येते. स्वतः जोडणी करण्याचा प्रश्न येतो तो केबलवर चालणाऱ्या जुन्या नौकांबाबत.

जोडणीचा क्रम

पहिले काम बॅटरी सोडविण्याचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून इंजिनाचे झाकण उघडून वारा खेळू द्यावा. इंजिनाच्या कप्प्यात बसणारा प्रत्येक विद्युत भाग ठिणगी बाहेर न पडू देणारा, नौकांसाठीच बनविलेला असावा. मोटारीचा स्वस्त सुटा भाग येथे चालत नाही.

त्यानंतर थ्रॉटलची केबल कार्बोरेटरपाशी जेथे जोडलेली असते, त्या जागेवर आधी खूण करावी. सर्व्हो मोटर ज्या पट्टीवर बसते, ती पट्टी इंजिनाच्या प्रकारानुसार वेगवेगळी असते. संचासोबत आलेलीच वापरावी. मूळची परतीची स्प्रिंग कोणत्याही कारणाने काढू नये. केबलला तीव्र वळण देऊ नये आणि ती तापलेल्या धुराड्याच्या नळीपासून दूर राहील हे पाहावे.

तारांच्या बाबतीत अमेरिकी नौकांत सर्वसाधारण संकेत असा, की करडी तार फेऱ्यांच्या मापकाची, जांभळी इग्निशनची आणि काळी ऋण बाजूची असते. मात्र जुन्या नौकेत आधीच्या मालकाने रंग बदललेले असू शकतात. त्यामुळे मल्टिमीटरने खात्री केल्याविना जोड देऊ नये. यंत्राला वीज इग्निशनच्या स्विचमधून, योग्य क्षमतेच्या फ्यूजसह द्यावी, म्हणजे किल्ली बंद होताच यंत्रही बंद होईल. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असाव्यात. साधे तांबे दमट हवेत लवकर गंजते. जीपीएसच्या अँटेनाला वर मोकळे आकाश हवे. पाण्यात फिरणाऱ्या चक्राचा वेगमापक निवडल्यास तळाला भोक पाडावे लागते. ते काम कुशल कारागिराकडूनच करून घेणे इष्ट.

खरी कसोटी

यंत्र वेग किती अचूक धरते, याकडे बहुतेकांचे लक्ष असते. त्याआधी पाहायची गोष्ट वेगळी आहे : चालकाने दांडा मागे ओढला, की इंजिन त्याच क्षणी मंद गतीवर येते का? नौकेमागे पाण्यात माणूस असतो. तो पडल्यावर नौका वळवून त्याच्याजवळ न्यायची असते आणि त्या वेळी अडकलेले थ्रॉटल म्हणजे फिरता पंखा माणसाच्या दिशेने नेणे होय.

म्हणून चाचणी टप्प्याटप्प्याने करावी. प्रथम इंजिन बंद ठेवून दांडा पूर्ण पुढे व पूर्ण मागे करावा. कार्बोरेटरची झडप दोन्ही टोकांना पोहोचते आणि परतताना कोठेही अडखळत नाही, हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहावे. यंत्र चालू असताना आणि त्याची वीज तोडल्यावर, अशा दोन्ही स्थितींत हीच तपासणी करावी. मग तळातील वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर काही मिनिटे चालवूनच इंजिन सुरू करावे. नौका पाण्याबाहेर असेल, तर थंडाव्यासाठी पाण्याचा पुरवठा जोडल्याविना इंजिन चालवू नये. पंपातील रबरी चक्र कोरडे फिरून खराब होते.

पाण्यावरची पहिली फेरी खेळाडूविना, मोकळ्या जागी घ्यावी. कमी वेगावर यंत्र लावून दांडा अचानक मागे घ्यावा आणि हा प्रयोग वेग वाढवीत अनेकदा करावा. एकदाही शंका आली तर नौका किनाऱ्याला आणावी. या कसोटीत नौका उतरल्यानंतरच अचूकतेकडे वळावे. वारा पडलेला असताना मोजलेल्या अंतरात दोन्ही दिशांनी फेऱ्या मारून वेळ तपासावी.

यंत्र बसले तरी माणसाची जबाबदारी कमी होत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून, आपत्कालीन इंजिनबंद स्विच असलेल्या २६ फुटांहून लहान नौकांच्या चालकाने वेगात असताना त्या स्विचची दोरी अंगाला अडकविणे बंधनकारक झाले. बंदिस्त केबिनमधून चालविल्या जाणाऱ्या नौका यास अपवाद आहेत. अनेक राज्यांत खेळाडूवर नजर ठेवणारा दुसरा माणूस किंवा मोठा आरसाही आवश्यक असतो. वेगाची चिंता यंत्रावर सोपविल्याने चालकाची नजर मोकळी होते. ती पडद्यावरील आकड्यांऐवजी समोरच्या पाण्यावर राहावी, हाच या जोडणीचा खरा लाभ आहे.