परक्या वायूचा दिवा

रात्रीच्या रस्त्यावर समोरून निळसर पांढऱ्या उजेडाचा लोट अंगावर आला, की आपण डोळ्यांपुढे हात धरून मोटारवाल्याच्या नावाने बोटे मोडतो. तो उजेड पुष्कळदा झेनॉन नावाच्या वायूच्या दिव्याचा असतो. या वायूची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १८९८ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक विल्यम रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स द्रवरूप हवा हळूहळू उकळवून तिच्यातले वायू निराळे करीत बसले होते. क्रिप्टॉन आणि निऑन त्याच वर्षी हाती लागले होते. क्रिप्टॉन काढून घेतल्यावर तळाशी जे थोडके उरले, त्यात आणखी एक जड वायू निघाला. त्याच्या वर्णपटातल्या रेषा कोणाही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. म्हणून नाव ठेवले झेनॉन, म्हणजे ग्रीक भाषेत परका. हवेच्या एक कोटी भागांत हा पुरता एक भागही भरत नाही, इतका तो दुर्मिळ.

जाता जाता सांगतो, या दोघांशी आपला ऋणानुबंध आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्था काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा सल्ला देण्यासाठी हेच रॅम्झी हिंदुस्थानात येऊन हिंडले आणि त्यांनी बंगळूरची जागा सुचविली. १९०९ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे पहिले संचालक म्हणजे आपले हे ट्रॅव्हर्स!

त्या काळी मोटारी धावू लागल्या होत्या. पण त्यांच्या कपाळी होते रॉकेलचे कंदील, नाहीतर कार्बाइडचे दिवे. आंबे-केळी चोरून पिकवायला वापरतात, तोच कार्बाइडचा खडा. त्यावर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि लख्ख जळतो. विजेचे दिवे होते, परंतु खाचखळग्यांच्या हादऱ्यांनी त्यांची तार तुटायची. १९१२ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि पुढच्या काही वर्षांत कार्बाइड मागे पडला.

येथून खरे भांडण सुरू झाले. दिवा जितका प्रखर, तितके आपल्याला दूरचे दिसणार; आणि तितकाच समोरचा आंधळा होणार. दोघेही एकाच रस्त्यावर, दोघांचेही प्राण सारख्याच मोलाचे. १९२५ च्या सुमारास एकाच बल्बमध्ये दोन तारा घालण्याची युक्ती निघाली. एक लांबच्या उजेडासाठी, दुसरी खाली झुकलेल्या उजेडासाठी. १९५७ साली युरोपात झुकलेल्या उजेडाचा आकारच एकांगी केला. समोरून येणाऱ्याच्या बाजूला तो सपाट कापलेला, आपल्या कडेच्या बाजूला मात्र वर चढलेला, म्हणजे पायी चालणारा माणूस दिसावा. १९६२ साली हॅलोजन दिवा आला. आमच्या लहानपणी पुष्कळ ट्रकांच्या दिव्यांची वरची बाजू काळ्या रंगाने माखलेली दिसे. तो याच भांडणावरचा आपला देशी तोडगा, आणि मला तरी तो मुळीच हसण्यासारखा वाटत नाही.

१९९१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या सातव्या मालिकेच्या मोटारीत झेनॉनचा दिवा बसविला. या दिव्यात तार नाहीच. क्वार्ट्‌झच्या इवल्याशा कुपीत टंगस्टनची दोन टोके सुमारे चार मिलिमीटरांवर समोरासमोर ठेवलेली. भोवती दाबून भरलेला झेनॉन आणि चिमूटभर धातूंचे क्षार. बॅटरीचा दाब बारा व्होल्टचा. पण एक छोटी पेटी तो क्षणभर वीस हजारांच्याही वर चढविते आणि दोन टोकांमध्ये ठिणगी उडते. क्षार तापून त्यांची वाफ व्हायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ उजेडाची बाजू हा परका सांभाळतो. मग ३५ वॉटमध्ये जो प्रकाश मिळतो, तो ५५ वॉटच्या हॅलोजनच्या जवळजवळ दुप्पट!

म्हणजे भांडण दुपटीने वाढले. येथे थोडे गणित करू. झुकलेला उजेड साधारणतः दहा मीटरांत दहा सेंटिमीटर उतरतो, म्हणजे शंभरास एक. आता चाकांच्या दोन जोड्यांमध्ये २७० सेंटिमीटर अंतर असलेली मोटार घ्या. मागे तीन पाहुणे आणि डिकीत फराळाचे डबे चढले आणि मागची बाजू अवघी २.७ सेंटिमीटर बसली, की तो उतार संपला! उजेड सरळ आडवा जाणार. वर्गात मी बाकावर विजेरी बांधून बाकाच्या पुढच्या पायांखाली दोन पुस्तके सरकवतो. भिंतीवरचा कवडसा वर उडी मारतो, तेव्हा मुलांना हे पटते.

यावर उपाय झेनॉनच्या आधीच निघाला होता. १९६७ साली फ्रान्सच्या सित्रोएन डीएस मोटारीत दिवे गाडीच्या डोलण्याप्रमाणे आपोआप सावरत, आणि लांब पल्ल्याचे दिवे सुकाणूबरोबर वळत. तेही नुसत्या तारा-दांड्यांच्या जोरावर. पुढे यंत्रणा विजेची झाली. चाकांच्या आसाजवळ एक छोटा दांडा बसवितात. गाडी किती बसली, हे तो कळवितो. नियंत्रक कोन काढतो आणि दिव्यामागची चिमुकली मोटर तो खाली-वर करते. हलक्या मोटारींत हेच काम चालकाने शून्य ते तीन आकड्यांची कळ फिरवून करायचे असते. ती कळ कशासाठी आहे, हे ठाऊक असलेले चालक मला फार थोडे भेटले! संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमांनी मात्र दोन हजार ल्यूमेनहून प्रखर दिव्याला आपोआप सावरणे आणि काच धुण्याची सोय बंधनकारक केली.

बाजारात सुटा झेनॉन घेऊन साध्या मोटारीत कोंबणारे नेमके हेच गाळतात. तारेच्या बल्बासाठी घडविलेल्या आरशात ठिणगीचा दिवा बसला, की उजेड वाटेल तिकडे फाकतो, आणि सावरणारे तर कोणीच नसते. पावसाळ्यात घाटात अशाच एका जीपने आमच्या एस.टी.च्या चालकाला वळणावर जागच्या जागी थांबविले. चांगली दोन मिनिटे गाडीत कोणी बोलले नाही.

झेनॉनचे राज्य फार टिकले नाही. २००७-०८ पासून एलईडीचे दिवे मोटारींत येऊ लागले आणि नव्या गाड्यांतून परका हळूहळू निरोप घेऊ लागला. सावरण्याची यंत्रणा मात्र राहिली. अशी एखादी मोटार भिंतीसमोर उभी असताना सुरू होताना पाहा. भिंतीवरची उजेडाची रेघ आधी खाली जाते, मग वर येते आणि आपल्या जागी थांबते.