बोन चायनाच्या कपामागची पोरं

पाहुणे आले की शोकेसमधून जो पांढराशुभ्र, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतील असा कपबशीचा सेट निघतो ना, त्या 'बोन चायना'चं मूळ गाव इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट. १८ व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जोसाया स्पोड बापलेकांनी तिची कृती बसवली. साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख, उरलेल्या निम्म्यात कॉर्नवॉलची पांढरी माती आणि तिथलाच दगड. नावातलं 'बोन' ते हेच.

स्पोड, वेजवूड, मिंटन ही मालकांची नावं कपाच्या बुडाशी छापलेली असतात. घडवणाऱ्यांची नावं शोधायची तर सरकारी चौकशीचे अहवाल उघडावे लागतात.

१८६३ च्या बालमजुरी अहवालात विल्यम वूड भेटतो. वय ९. कामाला लागला तेव्हा ८ सुद्धा पूर्ण नव्हती. काम काय, तर ओलं भांडं साच्यासकट उचलून तापलेल्या वाळवणखोलीत न्यायचं आणि रिकामा साचा घेऊन परत यायचं. सकाळी ६ ते रात्री ९, आठवड्याचे सहा दिवस.

बायकांचं काम वेगळं. भाजताना चायना वाकडी होऊ नये म्हणून ती गारगोटीच्या भुकटीत रचत. भट्टी उतरली की ती भुकटी ब्रशने झाडायची. कप पांढरा व्हायचा, धूळ फुप्फुसात जायची. तिथले डॉक्टर आर्लिज यांनी चौकशीत सांगितलं, की हे कामगार खुजे, छातीने अधू आणि अकाली मरणारे आहेत.

आता खरी गंमत. १८६३ मध्येच तिथल्या २६ मालकांनी सरकारकडे अर्ज केला: आमच्यासाठी कायदा करा! त्यात वेजवूड कंपनीही होती. तिच्या संस्थापकाने १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी पदक काढलं होतं. मालकांचं म्हणणं असं, की पोरांचे तास कमी करावेत हे पटतं, पण स्पर्धेमुळे एकट्यादुकट्याला ते जमत नाही. सगळ्यांनाच बांधा.

१८६४ मध्ये कायदा झाला. ८ वर्षांखालच्या पोरांना काम बंद, ८ ते १३ मधल्यांना अर्धा वेळ काम आणि सोबत शाळा. आजच्या हिशेबाने तुटपुंजंच, पण सुरुवात झाली.

'स्पर्धा आहे हो, नियम पाळणं परवडत नाही' हे वाक्य आपणही रोज ऐकतो. त्या मालकांनी तेच कारण सांगून कायदा मागितला होता, सूट नाही.