प्रकाशाने वळणारं प्लास्टिक

१९४१ साली व्हर्नन आडनावाच्या दोघांनी अमेरिकेत एक पेटंट घेतलं. दातांच्या कामासाठी त्यांनी मेथाक्रिलेटची राळ वापरली होती. दाबून आकार बदलला तरी तापवल्यावर ती पुन्हा मूळ रूपात येई. स्वतःचा आकार लक्षात ठेवणाऱ्या प्लास्टिकची पहिली नोंद म्हणून आज या पेटंटकडे बोट दाखवतात. त्या काळी मात्र दंतवैद्यांपलीकडे फारसं कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

हा गुण घरोघरी पोचला तो वायरींमुळे. १९५२च्या सुमारास आर्थर चार्ल्सबी यांनी ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुभट्टीत पॉलिएथिलीनवर किरणांचा मारा केला, तेव्हा त्याच्या लांब रेणुसाखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या गेल्या. पुढे १९५७ साली पॉल कुक यांनी कॅलिफोर्नियात उभारलेल्या रेकेम कंपनीने यातून आक्रसणाऱ्या नळ्या बाजारात आणल्या. मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात त्या दिसतात. कारागीर वायरीच्या जोडावर काळी नळी सरकवतो, खालून लायटर फिरवतो आणि नळी आवळून जोडाला चिकटून बसते. मुळात ती बारीकच घडवलेली असते. नंतर तापवून फुगवतात आणि फुगलेली असतानाच गार करतात. गार झाल्यावर तयार होणारे स्फटिक तो ताण अडवून धरतात. पुन्हा आच लागली की स्फटिक वितळतात आणि साखळ्यांमधल्या गाठी सगळं मूळ जागी खेचून आणतात. पुढचा सगळा इतिहास याच एका युक्तीचा आहे.

ही युक्ती शरीरात न्यायची, तर आच द्यायची कशी? २००२ साली आंद्रेयास लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी ‘सायन्स’मध्ये विरघळून जाणारा असा टाक्यांचा दोरा दाखवला, की त्याची सैल मारलेली गाठ ४० अंशांवर २० सेकंदांत आपोआप आवळे. त्वचेजवळच्या जखमेला हे ठीक. मेंदूतल्या धमनीत काय करणार? कळ दाबली जाण्याचं तापमान ३७ अंशांच्या खाली ठेवलं, तर वस्तू मुक्कामी पोचण्याआधी वाटेतच उलगडायची. वर ठेवलं, तर भोवतालचं रक्त आणि ऊती न भाजता तेवढ्याच जागी उष्णता पोचवायला हवी.

लेंडलाइन-लँगर यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये एक देखणं उत्तर दिलं: उष्णता वगळूनच टाका. त्यांच्या प्लास्टिकमधले सिनॅमिक गट २६० नॅनोमीटरहून लांब लहरींच्या अतिनील प्रकाशात एकमेकांना धरत आणि त्याहून आखूड लहरींत सुटत. रसायनशास्त्र म्हणून ही कामगिरी फार मोठी आहे. पण असा प्रकाश ऊतींत शिरतच नाही, वर पेशींचं नुकसान करतो. म्हणून शरीरापुरती मला दुसरी, आडवळणाची वाट जास्त कामाची वाटते: प्रकाशाने फक्त निरोप न्यायचा, काम उष्णतेनेच करायचं.

त्या वाटेवर डंकन मेटलंड आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी आधीच निघाले होते. पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूतली रक्ताची गुठळी काढायला त्यांनी प्लास्टिकची बारीक, सरळ काडी प्रकाशतंतूच्या टोकाला जोडली. ती गुठळीच्या पार न्यायची, लेझर सोडायचा, म्हणजे काडी बुचाच्या स्क्रूसारखी वेटोळी होणार आणि मागे ओढताना गुठळी घेऊन येणार. प्रकाश शोषला जावा म्हणून प्लास्टिकमध्ये रंगद्रव्य मिसळलेलं होतं. पण सेंद्रिय रंग लेझरखाली विटतात.

इथे सोनं येतं, आणि त्याची वंशावळ वेगळीच आहे. १८५७ साली मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तेव्हा द्रव माणकासारखा लाल दिसला. १९०८ साली गुस्टाव्ह मी यांनी त्याचं गणित मांडलं. गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. तोच कण लांबट करून लांबी रुंदीच्या चौपट केली, तर शोषण सरकून ८०० नॅनोमीटरच्या जवळपास जातं. रक्त आणि पाणी दोन्ही या पट्ट्यात प्रकाशाला कमी अडवतात. सोन्याची अशी लांबट कांडी प्रकाश गिळते आणि उष्णता सोडते. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसन बर्डिक यांच्या गटाने अशा कांड्या विघटनशील प्लास्टिकमध्ये मिसळल्या. नगण्य प्रमाणातलं सोनंही प्लास्टिक मऊ व्हायला पुरलं.

तरी रुग्णालयात आधी पोचली ती याच घराण्यातली साधी शाखा. मेटलंड ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी आहेत, त्या शेप मेमरी मेडिकलच्या रक्तवाहिनी बुजवणाऱ्या फोमच्या बुचाला २०१८ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यात ना सोनं, ना लेझर. शरीराची ऊब आणि ओल पुरते. सोन्याच्या कांड्यांपुढची अडचण अजून तशीच आहे. प्लास्टिक विरघळून जाईल, सोनं विरघळत नाही. ते यकृतात आणि प्लीहेत साठतं, आणि तिथे वर्षानुवर्षं राहिलं तर काय होतं, हे तपासल्याशिवाय कुणा रुग्णाच्या धमनीत ते सोडणं योग्य नाही.