जुन्या मुंबई मिशनच्या मुलांच्या शाळा आणि त्यांचा गुरुवर्ग

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ही आपल्या पवित्र ख्रिस्तसभेची जुनी रीत होय. अशा वेळीं चर्चची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, वेदीचा खर्च कोणीं केला, ह्याची आपण आवर्जून चौकशी करतों. परंतु ज्या शाळांनीं आमच्या वाडवडिलांस अक्षरओळख करून दिली, त्या शाळांत शिकवीत कोण, रांधीत कोण आणि दार उघडीत कोण, ह्याचा शोध क्वचितच घेतला जातो. शाळेच्या दिवाणखान्यांत रेक्टरांच्या तसबिरी ओळीनें लाविलेल्या असतात. मास्तरांची तसबीर तेथें सहसा आढळत नाहीं. ही उणीव यथाशक्ति भरून काढावी, एवढ्याच हेतूनें आम्हीं ह्या स्मरणिकेसाठीं हा विषय घेतला आहे.

ह्या शाळांची कुळकथा थोडक्यांत अशी आहे. येशूसंघाचे धर्मगुरू १८५४ सालीं मुंबई मिशनमध्यें आले आणि १८५८ पासून तें मिशन त्या संघाच्या जर्मन प्रांताकडे सोंपविण्यांत आलें. त्याच सुमारास, म्हणजे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें, खासगी शाळांस सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी झाली होती. १८५७ सालीं मुंबईस विश्वविद्यालयही स्थापन झालें होतें. कचेरी, रेल्वे, तारखातें, गोदी ह्या ठिकाणीं इंग्रजी जाणणाऱ्या तरुणास चाकरी मिळूं लागली होती. आपल्या मुलांस ही विद्या लाभावी, पण ती मिळवितांना त्यांचा धर्म सुटूं नये, अशी ख्रिस्ती आईबापांची इच्छा होती. तीस उत्तर म्हणून नऊ वर्षांच्या अवधींत पांच शाळा उभ्या राहिल्या: कराचीस सेंट पॅट्रिक १८६१ सालीं, वांद्र्यास सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालीं, माझगांवास सेंट मेरी १८६४ सालीं, पुण्याच्या लष्करांत सेंट व्हिन्सेंट १८६७ सालीं आणि मुंबईंत सेंट झेवियर १८६९ सालीं. आज पाकिस्तानांत असलेली कराची त्या काळीं मुंबई मिशनचाच भाग होती.

इतके शिक्षक आले कोठून, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर कांहीं अंशीं युरोपच्या राजकारणांत सांपडतें. ४ जुलै १८७२ रोजीं जर्मन साम्राज्यानें कायदा करून येशूसंघास आपल्या देशांत बंदी केली. ज्यांस स्वदेशांत शाळा चालविण्याची मनाई झाली, असे अनेक विद्वान् धर्मगुरू परदेशच्या मिशनांकडे वळले. जर्मनीनें जें गमावलें त्याचा कांहीं वांटा मुंबई व पुणें ह्यांच्या पदरीं पडला.

ह्या शाळांचा कारभार ज्या घडीवर चाले ती घडी फार जुनी होती. येशूसंघानें १५९९ सालीं आपल्या शाळांकरितां अध्ययनाचा नियमग्रंथ सिद्ध केला. त्यांत कोणीं काय शिकवावें, उजळणी कशी घ्यावी, मुलांमध्यें चढाओढ कशी लावावी, हें सर्व बारकाईनें सांगितलें आहे. आमच्या शाळांस सरकारी अभ्यासक्रम व मॅट्रिकची परीक्षा सांभाळावी लागे, तरी घराची रचना त्याच जुन्या वळणाची राहिली. सर्वांवर रेक्टर, त्यांच्या हाताखालीं घरची व्यवस्था पाहणारे मिनिस्टर, वर्ग व परीक्षा ह्यांवर देखरेख ठेवणारे अभ्यासाचे प्रीफेक्ट, मैदान, अभ्यासिका व झोपावयाची जागा ह्यांवर नजर ठेवणारे शिस्तीचे प्रीफेक्ट, मुलांचे पापनिवेदन ऐकून त्यांस धीर देणारे आध्यात्मिक गुरू, आणि पैशाअडक्याची चिंता वाहणारे प्रोक्युरेटर. ह्यांच्या जोडीस तरुण स्कॉलॅस्टिक असत. गुरुदीक्षेपूर्वीं कांहीं वर्षें शाळेंत शिकविणें, हा त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाचाच भाग होता. दिवसां वर्ग, सायंकाळीं मुलांबरोबर खेळ आणि रात्रीं त्यांच्या निजण्याच्या जागेवर पहारा, असा त्यांचा क्रम असल्यामुळें मुलांचा अधिक लळा ह्यांनाच लागे.

ह्याखेरीज त्या घरांत ब्रदर असत. हे संघाचे व्रतस्थ खरे, पण गुरुदीक्षा न घेतलेले. स्वयंपाकघर, सुतारकाम, शिवणकाम, आजारी मुलांची शुश्रूषा, चर्चची साफसफाई आणि बाजारहाट हीं कामें त्यांचीं. एखाद्या मुलास रात्रीं ताप भरला, तर त्याच्या उशाशीं बहुधा ब्रदरच बसत. ह्या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाची थोरवी ख्रिस्तसभेनें ओळखली आहे. स्पेनमधील माजोर्का बेटावर येशूसंघाच्या विद्यालयाचे द्वारपाळ असलेले ब्रदर आल्फान्सो रॉड्रिग्ज हे अनेक वर्षें दार उघडण्याचें काम करून १६१७ सालीं वारले. १८८८ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. त्याच दारांतून ये-जा करणाऱ्या पीटर क्लाव्हर नांवाच्या विद्यार्थ्यास ह्या द्वारपाळाच्या उपदेशानें अमेरिकेंतील गुलामांच्या सेवेची वाट दाखविली, आणि तो विद्यार्थीही त्याच दिवशीं संतांच्या मालिकेंत गेला. शाळेंतील खरा गुरू कोण, हें केवळ वेळापत्रकावरून ठरत नाहीं, ह्याला ह्याहून उत्तम दाखला कोणता द्यावा?

आतां प्रापंचिक शिक्षकांकडे वळूं. फादरांस पगार नसे. त्यांच्या श्रमाचें मोल संघाच्या सामायिक खात्यांत जाई व शाळेच्याच कामीं येई. मास्तरांचें तसें नव्हतें. त्यांस बायकामुलें होतीं, घरभाडें होतें आणि महिनाअखेरची ओढाताणही होती. खालचे वर्ग, गणित, देशी भाषा, चित्रकला, कवायत अशीं कामें बहुधा त्यांच्याकडे असत. फादरांची बदली आज येथें तर उद्यां तेथें होई. मास्तर मात्र एकाच वर्गांत बापास शिकवून पुढें त्याच्या लेकासही शिकवीत. कोणत्या घरची परिस्थिति कशी आहे, कोणाची फी थांबली तर कां थांबली, हें रेक्टरांस बहुधा मास्तरांकडूनच कळे. शाळा सुटल्यावरही त्यांचें मास्तरपण सुटत नसे. गांवांत आलेलें इंग्रजी पत्र वाचून दाखविणें, अर्ज लिहून देणें, चर्चमध्यें गायनाची तयारी करून घेणें, मे महिन्यांत पवित्र मरियेच्या भक्तीस व ऑक्टोबरांत जपमाळेस लोकांस जमविणें, अशीं कामें आपोआप त्यांच्याकडे येत. वसई-साष्टीच्या गांवांत ‘मास्तर’ हा शब्द अद्यापि आदरानें उच्चारला जातो, त्याचें मूळ येथें आहे.

बोर्डिंगांतील मुलांचा दिवस घंटेनें सुरू होई व घंटेनेंच संपे. पहांटे उठून मिस्सा, मग अभ्यासिका, न्याहरी, वर्ग, दुपारचें जेवण, पुनः वर्ग, खेळ, स्नान, जपमाळ, अभ्यास, रात्रीचें जेवण व प्रार्थना, असा क्रम असे. रोममध्यें १५६३ सालीं जाँ ल्यूनिस नांवाच्या तरुण येशूसंघीयानें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं आरंभिलेली पवित्र मरियेची सोडॅलिटी ह्या शाळांतही चाले. तिच्यांतील वडील मुलें लहानांस संभाळीत व गरिबांच्या घरीं भेटीस जात. २१ जून हा संत अलॉयशियसचा, ३१ जुलै हा संत इग्नेशियसचा आणि ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियरचा दिवस मुलांच्या ध्यानीं पंचांगाशिवाय राही, कारण सणाच्या दिवशीं मिस्सेनंतर गोडधोड व खेळ असत.

ह्या सर्वांत उणें कांहींच नव्हतें, असें आम्ही म्हणत नाहीं. माझगांवची शाळा प्रथम मुख्यत्वेंकरून युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं, तर वांद्र्याची एतद्देशीय मुलांसाठीं, असा भेद त्या काळच्या राज्यव्यवस्थेनें घातला आणि मिशननें तो पत्करला. एकाच वेदीसमोर गुडघे टेंकणाऱ्या मुलांस निरनिराळ्या शाळांत घालणें सुवार्तेच्या शिकवणीशीं कसें जुळावें, हा प्रश्न आज कोणाच्याही मनांत येईल. छडीचा उपयोगही त्या काळच्या इतर शाळांप्रमाणें येथें होत असे. ज्युबिली म्हणजे केवळ स्तुतिपाठ नव्हे. पूर्वजांचें खरें रूप पाहणें हाही त्यांचा मानच होय.

ह्या व्यवस्थेची खरी कसोटी १९१४ सालीं लागली. ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंडनें जर्मनीशीं युद्ध पुकारलें, आणि कालपर्यंत ‘आमचे फादर’ असलेले शिक्षक सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. पुढील दोन वर्षांत जर्मन मिशनऱ्यांपैकीं कोणी नजरकैदेंत गेले, कोणी अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) छावणींत ठेवले गेले. आणि १९१५ च्या अखेरीस व १९१६ सालीं ‘गोलकोंडा’ ह्या आगबोटीनें अनेकांस युरोपास परत धाडण्यांत आलें. दैवाचा खेळ असा कीं, स्वदेशानें ज्यांस येशूसंघीय म्हणून दूर केलें, त्यांनाच ह्या देशांतील सरकारनें जर्मन म्हणून दूर केलें. मायदेशांतील बंदीचा तो कायदा १९१७ सालीं पूर्णपणें रद्द झाला. मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गेन्स १९१६ सालीं निवर्तले व त्यांचें आसन १९१९ पर्यंत रिकामें राहिलें. पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग, ज्यांनीं केंदळ येथून १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें होतें, तेही युद्धामुळें आपल्या लोकांपासून दुरावले. १९२१ सालीं त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमा येथें झाली आणि १९२७ सालींच ते पुण्यास परत येऊं शकले.

ज्या शाळांचें छप्पर एका संघाच्या एका प्रांतानें पेललें होतें, त्यांचे खांब असे एकाएकीं निघाले. आतां पगार न घेणारे शिक्षक गेले व त्यांच्या जागीं पगारी माणसें नेमणें प्राप्त झालें. म्हणजे मनुष्यबळ व पैसा ह्या दोहोंची एकदमच तूट आली. तरी ह्या शाळा बंद पडल्या नाहींत. जर्मन नसलेले मोजके येशूसंघीय, धर्मप्रांतीय धर्मगुरू आणि प्रापंचिक शिक्षक ह्यांनीं मिळून तो भार उचलला. इंग्लंडहून आलेले फादर आल्बन गुडियर ह्यांनीं सेंट झेवियर कॉलेज सांवरलें व तेच १९१९ सालीं मुंबईचे आर्चबिशप झाले. त्यांचें नांव इतिहासांत आहे आणि तें योग्यच आहे. परंतु इकडे शाळांच्या वर्गांत हजेरीपट उघडून रोज मुलांचीं नांवें पुकारणारे जे मास्तर होते, त्यांनीं एक दिवसही वर्ग ओस पडूं न देण्याचें जें व्रत पाळलें, त्याची नोंद कोठल्या कोनशिलेवर आहे?

ह्या श्रमाचें फळ शाळेच्या भिंतींबाहेर दिसतें. माझगांवच्या माथारपाखाडींत १८६४ सालीं, म्हणजे सेंट मेरी शाळेच्या स्थापनेच्याच वर्षीं, जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले व त्याच शाळेंत शिकले. जर्मन फादर आगबोटीवर चढत होते त्याच १९१६ सालीं लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगांवीं झाली आणि ह्या ‘काका’ बॅप्टिस्टांस तिचें अध्यक्षपद मिळालें. पुढें १९२५ सालीं ते मुंबईच्या नगरपालिकेचेही अध्यक्ष झाले. ज्या शाळेचा ओढा प्रथम परकीयांच्या मुलांकडे होता, तिच्यांतूनच स्वराज्य मागणारा पुरुष निघाला. विद्या देणाऱ्यास तिचें फळ कोणत्या झाडास लागेल, हें ठरवितां येत नाहीं.

युद्धानंतर मुंबई मिशन स्पेनच्या येशूसंघीयांकडे आलें; इतिहाससंशोधक फादर हेरास १९२२ सालीं आले ते त्यांच्यापैकींच. शाळा पुनः भरभराटीस आल्या. मात्र १९१४ सालीं संकट म्हणून जें घडलें, तें आज नित्याचें झालें आहे. आतां बहुतेक वर्ग प्रापंचिक शिक्षकांच्या हातीं असून त्यांत भगिनींची संख्या मोठी आहे. व्रतस्थ थोडे झाले म्हणून शाळेचा आत्मा गेला, असें हळहळणाऱ्यांनीं त्या पांच वर्षांचा इतिहास आठवावा. शाळेचा आत्मा झग्यांत नसून मुलाचें नांव घेऊन त्याची विचारपूस करणाऱ्या माणसांत असतो. अशा माणसांस योग्य वेतन, मान व आधार देणें हें मात्र आपणां सर्वांचें कर्तव्य आहे. त्यांत कसूर झाली तर दोष काळास देतां येणार नाहीं.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें आमची धर्मग्रामांतील कुटुंबांस एक नम्र विनंति आहे. प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून, त्यांस शिकविणाऱ्या मास्तरांचीं, बाईंचीं, ब्रदरांचीं आणि शाळेच्या शिपायाचींही नांवें एका वहींत लिहून काढावीं व ती वही चर्चच्या दप्तरांत जपून ठेवावी. २ नोव्हेंबरच्या मिस्सेंत तीं नांवें वेदीवर ठेवतां येतील. दगडाची इमारत दुरुस्त करण्यास पुढेंही अवसर मिळेल. आठवणारीं माणसें मात्र एकेक करून आपल्यांतून जात आहेत. ज्या हातांनीं आमच्या पूर्वजांचे हात धरून पाटीवर पहिलें अक्षर गिरविलें, त्या हातांस परमेश्वर चिरशांति देवो, आणि आज तेंच काम करणाऱ्यांस बळ देवो, हीच प्रार्थना.